लेकरू आणता येईल अशी शाळा

आमच्या वर भाड्याने राहणारी मुलगी परवा संध्याकाळी खाली आली. तिचा मुलगा पुढच्या वर्षी पहिलीत जाणार आहे. "काकू, तुम्ही एवढी वर्षं शाळेत होत्या," ती म्हणाली. "आपल्या भागातली कोणती शाळा चांगली, सांगा न." मी विचारलं, "कोणासाठी?" तिला वाटलं, मला ऐकू आलं नाही. तिने तोच प्रश्न पुन्हा मोठ्याने विचारला.

हा प्रश्न ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. लग्नाच्या पंगतीत, बसमध्ये, डॉक्टरकडे नंबर लावून बसले असतानासुद्धा, मी मास्तरीण आहे हे कळलं की लोक शाळांचा भाव विचारतात. वांगी निवडावी तशी शाळा निवडता येते असा सगळ्यांचा समज असतो. एकेकाळी मीही या शाळेची त्या शाळेशी तुलना मोठ्या हिरिरीने करत असे. आता नको वाटतं. उत्तर द्यायला बसलं की मला दोन शाळा आठवतात, एक मुलगी आठवते आणि जीव थकून जातो.

दोन्ही शाळा सरकारी, पूर्व नागपुरातल्या, पहिली ते चौथीच्या. सत्तर साल उलटून गेलं होतं. नंदनवनकडे तेव्हा प्लॉट पडत होते, घरं उठत होती, आणि त्या घरांवर डोक्याने गिट्टी-रेती वाहणाऱ्या बाया, ज्यांना आमच्याकडे रेजा म्हणतात, त्या नाल्याच्या काठच्या वस्तीत राहत होत्या. एक शाळा त्या वस्तीतच, नाल्याला लागून. दुसरी थोड्या अंतरावर, मोठ्या रस्त्यावर. लोक त्यांना नाल्याची शाळा आणि रोडची शाळा म्हणत.

रोडच्या शाळेला स्लॅब होता, फाटक होतं, नळ होता, झेंड्याचा ओटा होता. नाल्याच्या शाळेला कवेलू होते आणि वास होता. पावसाळ्यात छपराचे कवेलू गळत, उन्हाळ्यात वास वाढे. नाल्याला बदली म्हणजे काळं पाणी, असं आम्हा शिक्षकांत म्हणत, आणि ज्याचा वशिला नाही त्याच्याच वाट्याला ते येई. माझ्या वाट्याला आलं. मी खाप्याची, लग्न होऊन नागपुरात आलेली. माझी ओळखपाळख सगळी तिकडे, कन्हान नदीच्या काठावरच राहिली होती.

कशातही पाहिलं तरी रोडची शाळा सरस होती. फक्त एका गोष्टीत ती आमच्या मागे होती. त्या शाळेत मुली कमी. ज्या होत्या त्या दुकानदारांच्या नाहीतर बाबूंच्या. आमच्याकडे मात्र रेजांच्या, रिक्षावाल्यांच्या मुलींनी वर्ग भरलेले असत. रोडच्या शाळेतल्या बाया मला विचारत, "तुमच्याकडं इतक्या पोरी कशा काय येतात?" त्यात जादू काही नव्हती. आमच्याकडे लेकरू आणलेलं चालत असे.

कामावर लेकरू नेलं की मुकादम कटकट करी. म्हणून सकाळी माय निघाली की धाकटं भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर. ते कडेवरून उतरेपर्यंत बहुधा पुढचं चढायला तयार असे. अशा मुलीला शाळेत घालायचं तर दोघांना मिळून घालावं लागतं, हे माझ्या आधी तिथे कोणीतरी ओळखलं होतं आणि ती रीतच पडून गेली होती. मागच्या भिंतीशी पोतं अंथरलेलं असे. झोपलेली लेकरं तिथे, जागी असतील ती बहिणीच्या मांडीवर. रडलं की उठायचं, बाईंना विचारत बसायचं नाही. बाहेर बाभळीखाली नेऊन उगी करायचं आणि परत येऊन बसायचं. आणि लेकराच्या हाती लेखणी द्यायची नाही, कारण ते ती खातं.

पहिल्या महिन्यात मी रडकुंडीला आले. चौथीचा भागाकार रंगात आला की मागे कोणीतरी शी केलेली असे. मी काही ममतेची मूर्ती नव्हते, चांगली ओरडत असे. पण आमच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि मागोमाग माझ्यासाठी पाटी आणली होती. आई म्हणाली होती, "पोरीले पाटी काहून?" वडील म्हणाले, "तिलेच आधी." ते माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्यामुळे ओरडून झालं की मी फडकं पुढे करत असे आणि भागाकार पुढे चालू होई.

माझ्या चौथीत एक मुलगी दाराजवळ बसे. बसायच्या टाटपट्टीचं टोक दाराशी यायचं, तिथे तिची जागा. तिचा भाऊ नुकता पाय टाकायला लागलेला आणि भारी रडका. ती सारखी उठून बाहेर जाई. बाहेर जायची, पण लांब नाही. खिडकीशी उभी राहून त्याला थोपटत राहायची आणि कान आत. मी काही विचारलं आणि वर्गात कोणाला आलं नाही, तर उत्तर खिडकीतून येई. मुलांनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. "बाई, बाहेरून आलं," असं ती शांतपणे सांगत. इतकी हुशार मुलगी मला पुढे क्वचितच मिळाली. हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो, आणि लगेच वाईट वाटतं.

तिला बाई व्हायचं होतं. रेजा नाही, शाळेतली बाई. एकदा दुपारच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "बाई, तुमचं लेकरू कोण धरते?"

"माझी सासू सांभाळते."

तिने त्यावर बराच विचार केला. "मंग आधी सासू पायजे," असं म्हणून ती भावाला घेऊन पाणी पाजायला गेली. मी घरी जाऊन ते सासूबाईंना सांगितलं. त्या दोन दिवस माझ्याशी फार प्रेमाने वागल्या.

हिवाळ्यात वरून कळलं की दोन शाळा इतक्या जवळ कशाला, एक बंद करून दुसरीत मिळवायची आहे. कोणती ठेवायची ते ठरवायला शिक्षण खात्याचे साहेब दोन्ही शाळा पाहणार होते. आमचे हेडमास्तर निवृत्तीला आलेले, भला माणूस. आपल्या डोळ्यांदेखत शाळा बुडू नये म्हणून त्यांनी कंबर कसली. दगडांना चुना लावला, पताका लावल्या, पाण्याची मटकी घासून घेतली. आदल्या दिवशी प्रार्थना झाल्यावर त्यांनी मुलांना सांगितलं, "उद्या साहेब येऊन राहिले. सगळ्यायनं आंघोळ करून, डोक्याले तेल लावून यायचं. अन् लेकरू कोणीच आणायचं नाही. एक दिवसाची गोष्ट हाये."

मी त्यांना त्यांच्या खोलीत गाठलं. "गुरुजी, लेकरं नाही आणायची म्हटलं तर मुली येणार नाहीत."

"येतीन नं बाई. काहून नाही येणार? एक दिवस माय सांभाळन."

"माय कामावर जाते. तिची रोजी बुडते."

"एकच दिवस, बाई. साहेबासमोर कोणं शी केली म्हणजे?"

त्यांची स्वतःची पाच मुलं घरी वाढली होती. ती कोणी धरली, कोणी पुसली, याचा त्यांना कधी विचार करावा लागला नव्हता. बोलून उपयोग नाही हे कळण्याइतकी माझी नोकरी झाली होती.

दुसऱ्या दिवशी मुलगे आले, कपाळावर ओघळ येईपर्यंत तेल चोपडून. मुली आल्या नाहीत. टाटपट्टीची अख्खी एक बाजू रिकामी. आमच्याकडे दाखवण्यासारखं जे काही होतं ते आम्ही स्वतःच घरी बसवून ठेवलं होतं. हेडमास्तर दारात उभे राहून वस्तीच्या वाटेकडे पाहत होते. साहेब आले, त्यांनी पहिलीपासून एकेका वर्गात डोकी मोजली आणि प्रत्येक वेळी हेडमास्तरांकडे पाहिलं. मग ते चौथीत आले.

"सत्तावन्नला तीनने भागलं तर?" त्यांनी विचारलं.

मुलगे एकमेकांच्या तेलकट डोक्यांकडे बघत बसले.

"एकोणीस," खिडकीबाहेरून आवाज आला.

साहेब खिडकीपाशी गेले. ती बाहेर उभी होती. लेकरू शाळेत आणू नका असं सांगितलं होतं, म्हणून ती आत आली नव्हती, एवढंच. वेणी घातलेली, तेल लावलेलं. कडेवर भाऊ, त्याच्याही डोक्याला तेल.

"ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब," हेडमास्तर म्हणाले. "वस्तीतली पोरगी हाये."

मी म्हटलं, "माझ्या वर्गातली आहे, साहेब. वर्गात पहिली आहे."

"मग बाहेर का?"

"कडेवर लेकरू आहे म्हणून."

"रोज आणते?"

"रोज. इथल्या सगळ्याच मुली आणतात. म्हणून तर येतात."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. "बाई, ही शाळा आहे की पाळणाघर?"

"दोन्ही," मी म्हटलं. त्यांना तो विनोद वाटला. हेडमास्तर मान खाली घालून उभे होते. खिडकीतल्या मुलीला काय कळलं, कोण जाणे. ती तिथेच उभी होती, पुढचा प्रश्न येईल म्हणून.

संक्रांत झाल्यावर हुकूम आला. नाल्याची शाळा बंद. मुलं, टाटपट्ट्या, मटकी आणि मी, असे सगळे रोडच्या शाळेत. हेडमास्तर निवृत्तीची वाट न पाहता रजेवर गेले. जाताना म्हणाले, "बाई, मी चांगल्यासाठीच सांगतलं होतं." मी हो म्हटलं. चांगल्यासाठीच सांगितलं होतं, त्यात खोटं काहीच नव्हतं. भांडायला अंगात जोर उरला नव्हता.

आता रोडच्या शाळेबद्दल वाकडं बोलायचं तर मला बोलता येणार नाही. तिथल्या मोठ्या बाई कडक होत्या, पण शिकवत अशा की भिंतीलाही पाढे यावेत. वेळेवर घंटा, वेळेवर पाणी, मुलांची नखंसुद्धा पाहत. मी त्यांना लेकरांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "फाटकाच्या आत लेकरू नको," त्या म्हणाल्या. "ओट्यावरून पडलं, डोकं फुटलं, तर उत्तर कोण देणार? मी." हेही खरंच होतं. त्या दिवसांत मला खोटं बोलणारा माणूस भेटला असता तर बरं झालं असतं. निदान कडाकडा भांडता आलं असतं.

दाराजवळची मुलगी पहिल्या दिवशी आली, चपराशाने फाटकातून परत पाठवली. दुसऱ्या दिवशीही आली. नंतर आली नाही. आमच्या इतर मुलींचं तेच झालं. काहींच्या आज्या होत्या, त्या टिकल्या, बाकीच्या गळाल्या.

मी एका रविवारी वस्तीत गेले. तिची आई घरी होती. "बाईले पाणी दे वं," ती मुलीला म्हणाली. मुलगी पाणी घेऊन आली, कडेवर तो होताच.

"बाई, याले सहा वर्षं होऊ द्या," मुलगी म्हणाली. "हा शाळेत गेला का मी मोकळी. मंग मी येतोच."

"हो बाई," आई म्हणाली. "मंग धाडतो मी तिले. मायी ना नाही."

मी मोठ्या बाईंना विचारलं. भाऊ पहिलीत आला की बहिणीला चौथीत बसवू, वयाचं पाहणार नाही, असं त्यांनी मला सांगितलं, आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. म्हणजे सगळं ठरलं. फक्त त्या पोराने वाढायचं होतं.

दुसऱ्याच्या पोराच्या वाढण्याकडे इतके डोळे लावून मी कधी बसले नाही. माझी स्वतःची मुलं कधी वाढली मला कळलंही नाही. वस्तीत जन्माचे दाखले नसत. मूल सहा वर्षांचं झालं की नाही ते हाताने ठरवायचं. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल शाळेचं झालं. ती घरी त्याचा हात ओढून ओढून पाही. आम्ही रस्त्यात भेटलो की ती दुरूनच सांगे, "बाई, अजून वीतभर हाये." मग म्हणू लागली, "बोटभर राहिलं." अधूनमधून मी तिला वाचायला काहीतरी देई. ती वाचून परत देई, कोपरे चघळलेले असत.

आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तरी ऊन काही हटलेलं नसतं. अशाच एका जूनमध्ये ती भावाला घेऊन आली. मोठ्या बाईंनी त्याला समोर उभं केलं. त्याने हात डोक्यावरून नेला. बोटाची टोकं कानाच्या वरच थांबली. तिने हळूच त्याचं डोकं कलतं केलं.

"मान वाकडी करू नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आण."

"बाई, बोटभरच तर आहे," मी म्हटलं.

"आज बोटभर म्हणू, उद्या वीतभर म्हणू. सगळ्यांना एकच नियम."

मुलीने त्याचं डोकं सरळ केलं. तिने वेणी घट्ट घातली होती, आणि तिच्या खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत पाटीचा चौकोन दिसत होता. कोणी सांगितलं नव्हतं, तरी ती स्वतःची पाटी घेऊन आली होती. त्या दिवशी मला मोठ्या बाईंचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल. घरी जाऊन मी त्यावरून नवऱ्याशी भांडले. त्या बिचाऱ्याचा यात काय संबंध.

एक वर्ष म्हणजे काही फार नव्हे, असं मी स्वतःला म्हणत राहिले. त्या वर्षात नंदनवनची घरं उठून झाली. खिडक्यांना पडदे लागले, लोक राहायला आले. आम्हीही तिकडेच दोन खोल्या बांधल्या. गिट्टी वाहायचं काम कमी झालं आणि ज्या बाया ती घरं बांधत होत्या त्यांतल्याच पुष्कळ जणी त्याच घरांत भांडी घासायला लागल्या. मी हे रोज पाहत होते. माझ्याही घरी एक येत होती.

पुढच्या जूनमध्ये ती परत आली. आता बरीच उंच झाली होती. भाऊ कडेवर नव्हता, हाताला धरलेला होता, तरी ती एका अंगाला कलूनच चालत होती. त्याने हात डोक्यावरून नेला आणि कान असा गच्च पकडला की मोठ्या बाईंना "सोड आता" म्हणावं लागलं. त्या हसल्या. नाव घातलं गेलं, त्याला पहिलीत नेऊन बसवलं. मग त्या आपण होऊन मला म्हणाल्या, "आता हिला तुमच्या चौथीत न्या. मी शब्द दिला होता."

मला काय आनंद झाला होता, काय सांगू. वर्गात चौथीची पुस्तकं होती, त्यातलं एक मी आधीच बाजूला ठेवलं होतं. मी तिचा हात धरला. "चल," म्हटलं, "दाराजवळ बसायची आता गरज नाही. पुढे बस."

ती जागची हलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिच्याजवळ पिशवी नव्हती.

"नाही बाई," ती म्हणाली. "आता मी मोकळी झाली नं. मायनं मले कामाले घरं धरून देल्ले. याच्या पायी कुठं जाता येत नव्हतं, आता येते."

तिची आई खोटं बोलली नव्हती. ना नाही म्हणाली तेव्हा तिची खरंच ना नसेल. मोठ्या बाईंनी शब्द पाळला होता. पोरगा वाढला होता. सगळ्यांनी आपापलं केलं होतं. मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. नुसता थकवा आला, भर सकाळी.

पहिलीच्या वर्गातून तिचा भाऊ रडायला लागला. ती सवयीने वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग माझ्याकडे येऊन, अगदी हळू, वर्गात एखादी शंका विचारावी तसं तिने विचारलं, "बाई, तुमच्या घरी भांड्याले कोणी हाये का?"

"आहे," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला.

"बरं," ती म्हणाली. "तिनं सोडलं त मले सांगजा."